नमुना क्रमांक सात

आधी जाई. म्हार्दोळची, कळी असतानाच खुडलेली.
काचेच्या कुपीत बंद केली, सुई टोचली
आणि पडद्यावर डोंगर उगवले:
बेंझिल अ‍ॅसिटेट, लिनालूल,
आणि मागून, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखे, इंडोल.

इंडोलची गंमतच आहे.
कणभर असेल तर जाई,
मणभर झाले तर परसातला संडास.
आईला हे सांगितले तेव्हा
तिने ओंजळभर कळ्या हुंगल्या, म्हणाली,
"देवळाच्या दारात बोलू नकोस हे.
पन्नासाला एक जाते, तीही जायची नाही."

मग अबोली.
तिचा रंग मी आधीच काढून पाहिला होता,
पाकळ्या रात्रभर अल्कोहोलात;
सकाळी परीक्षानळीत उतरलेले ऊन.
फ्लॅव्होनॉइड आहेत,
पानांत काय काय आहे
त्यावर कुठल्याशा निबंधात दोन परिच्छेद आहेत.
मला हवा होता वास.
नसलेला वास मोजायचा होता.

फर्मागुडीच्या टेकडीवर दुपारी वीज जाते-येते,
म्हणून यंत्र मी रात्री लावते.
चाळीस मिनिटे.
नळीचे तापमान चढत जाते, रेष सरकते,
भरती येण्याआधीच्या खाजणासारखी सपाट.
दहाव्या मिनिटाला काही नाही.
विसाव्याला काही नाही.
हिचे नाव ज्या कोणी बाईने ठेवले
तिच्याकडे हेलियमची टाकी नव्हती.
नाक होते,
तेवढे पुरले.

एकतिसाव्या मिनिटाला
रेषेने मान वर केली.

एकटाच डोंगर, बुटका, शेपूट ओढत चाललेला.
मी खुर्चीवरून उठले.
खाली जाऊन राखणदार बोस्त्यांवला उठवणार होते,
कुणाला तरी दाखवायचेच होते.
मग आलेख साठ्याशी ताडून पाहिला.
लॉरिक आम्ल. जुळणी सत्त्याण्णव टक्के.

खोबरेल.

फुले आमच्याच परसातली,
पण तोडली होती आईने,
पहाटे, वेणी घालून झाल्यावर,
त्याच बोटांनी, जी सव्वीस वर्षे
केळीच्या सोपटात फाती गुंफतात
आणि न बघता मोजतात.
मी हेक्झेनमध्ये फूल बुडवले होते.
विरघळली ती बोटे.

वाघुर्मेकर सर म्हणाले, दूषित नमुना, टाकून दे.
हातमोजे घाल आणि तूच तोड.
बरोबरच होते त्यांचे.
वहीत लिहिले: नमुना ७, बाद.
कारण: बाह्य अशुद्धी.
खाली सही, तारीख.
आठव्याची रेष शेवटपर्यंत सपाट राहिली
आणि प्रबंधात तीच आहे.

आईला सगळे सांगितले, तेलाचे सोडून.
ती ऐकत होती की जाई निवडत होती, कळले नाही.
"वास ना म्हणून तर ती जाईकडे बसते गो," म्हणाली.
"दोघीही बोलक्या असत्या
तर माथ्यावर कोणी घेतल्या असत्या?"

टोपलीवर पाणी शिंपडत होती.
तळाशी अबोलीची चार सुकी कणसे राहिली होती,
त्यांवर थेंब पडले.
तट्.
एक बोंड फुटले, बी उडाले
आणि समोरच्या बाईच्या पदराला जाऊन चिकटले.
बाई दचकली. पदर झटकला, बी सुटले नाही.
मग वाकून विचारले, "फाती केवढ्याला?"

"चाळीस," आई म्हणाली.
"बी फुकट."